बेल्ट आवाज मारतोय

बोनेटखालून कर्कश चिरकणं ऐकू आलं की निदान आणि उपाय एकाच दमात सांगितले जातात: ‘बेल्ट ढिला झालाय, ताणून घे.’ आसनगावपासून कसाऱ्यापर्यंतच्या आग्रा रोडवर काय, किंवा मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेजकडे चढणाऱ्या रस्त्यावर काय, हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की त्यालाही काही इतिहास असेल असं कोणाच्या मनात येत नाही. आजच्या बऱ्याचशा गाड्यांच्या बाबतीत ते चुकीचं आहे. कित्येक गाड्यांत तर बेल्ट हाताने ताणायची सोयच ठेवलेली नसते. तरीही ते टिकून आहे. का टिकलं, याचं नेहमीचं उत्तर असं की खेड्यातला मेकॅनिक अडाणी असतो. हे उत्तर मला पटत नाही. ‘ताणून घे’ हा सल्ला एके काळी तंतोतंत बरोबर होता, आणि तो ज्या यंत्रावर बरोबर ठरला ते यंत्र मोटार नव्हतंच. आवाजाचा अर्थ लावायची रीत पट्ट्याच्या घडणीतून येते. पट्ट्याची घडण बदलत गेली, रीत मात्र पहिल्या पट्ट्याचीच मागे राहिली.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पट्टा आधी भाताला लागला आणि मग मोटारीला. हा भाताचा मुलूख. घिरट, उखळ आणि मुसळ यांच्याकडचं काम यंत्राकडे गेलं ते हलरमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एंगलबर्ग कंपनीने बाजारात आणलेल्या यंत्राची ही धाटणी: बिडाच्या नळकांड्यात फिरणारा लोखंडी दांडा, वरच्या चाडीतून भात आत आणि दुसऱ्या टोकाने तांदूळ बाहेर. भाताचा हलर आणि पिठाचं जातं बहुतेकदा एकाच छपराखाली असत आणि दोघांनाही फिरवणारं एकच ऑईल इंजिन असे. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाल्यानंतर अशी इंजिनं महाराष्ट्राच्या खेड्यांत पसरत गेली. इंजिनाच्या जड चाकापासून वरच्या दांड्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक यंत्रापर्यंत चपटे पट्टे. मुंबईच्या कापडगिरण्यांना ही रचना कितीतरी जुनी; कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तिथपासून वाफेची ताकद दोर, दांडे आणि पट्टे यांच्यामार्फतच मागापर्यंत पोचत होती. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली, तरी पट्टे काही लगेच गेले नाहीत. गावच्या भातगिरणीत होती ती त्याच व्यवस्थेची एका खोलीत मावणारी प्रत.

मोठ्या गिरणीत आणि गावच्या गिरणीत एक फरक होता, आणि आपल्या प्रश्नाला तो फार महत्त्वाचा आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूद केली, पण तो कायदा शंभर किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यांचा होता. एक मालक, एक गडी असल्या गिरणीशी त्याचा संबंध नव्हता. तिथला पट्टा उघडा राहिला. धोतराचा सोगा, पदर, मोकळे केस त्यात ओढले जाण्याचं भय कायमचं होतं. पण तोच उघडेपणा गिरणीवाल्याला निदानाच्या कामी येई, कारण पट्टा सतत डोळ्यासमोर असे. चपट्या पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर असते आणि त्या फुगवट्यामुळे पट्टा आपोआप मध्यावर येऊन बसतो. दोन पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा ओरडत बसत नाही. तो सरकत कडेला जातो आणि खाली पडतो. म्हणजे वाकड्या पुलीची खबर डोळ्यांना मिळे. बेअरिंग म्हणाल तर तीही उघडी, हाताने तेल घालायची, आणि तापली तर हात लावून कळणारी. रेषा डोळ्यांनी आणि बेअरिंग हाताने तपासून झाल्यावर कानासाठी एकच दोष उरतो, तो म्हणजे पट्ट्याचं घसरणं. म्हणून चपटा पट्टा चिरकला की गिरणीवाला ‘पकड सुटली’ असं म्हणे, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ते खरंच असे.

पकड सुटण्याची कारणंही मोजकी होती. पावसाळी दमट हवेत चामड्याचा पट्टा सैल पडतो. मग सांधा उसवून बोटभर तुकडा कापायचा आणि पुन्हा वादीने किंवा लोखंडी दातेरी पट्टीने सांधायचा. हाच तो सांधा, जो पुलीवरून जाताना ठराविक तालात टक-टक करतो. तेल उडून पट्टा गुळगुळीत झाला असेल तर तो पुसून त्यावर राळ लावायची. राळेचा उपयोग गिरणीवाल्याला अनुभवाने ठाऊक होता, पण त्यामागचं कारणही सांगण्यासारखं आहे. घसरणारा पट्टा सरळ घसरत नाही. तो क्षणभर पुलीला चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा ही चिकट-सुट चालली की त्या कंपाची शीळ होते. सारंगीच्या गजाला राळ चोळतात ती याचसाठी, तारेने गजाला नीट धरावं आणि नीट सोडावं म्हणून. पट्ट्याच्या बाबतीत राळ पकड वाढवून ‘सुट’ बंद पाडते. पुरेशी पडली तर आवाज थांबतो, बेताची पडली तर उलट वाढतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं होतं की गोल वस्तूला वेढा दिलेल्या दोराची पकड दोन गोष्टींवर ठरते: घर्षण किती आणि वेढा किती. गिरणीवाल्याच्या हाती या दोन्ही होत्या. राळेने घर्षण वाढे. आणि पट्टा आठाच्या आकड्यासारखा तिढा देऊन चढवला तर पुली उलटी फिरे हे खरं, पण त्याचबरोबर वेढाही वाढे.

आवाज म्हणजे बिघाड, हे समीकरणही गिरणीवाल्याने आंधळेपणाने मानलं नव्हतं. गिरणीत प्रत्येक यंत्रापाशी शेजारी शेजारी दोन पुल्या असत, एक दांड्याला घट्ट बसवलेली आणि एक मोकळी फिरणारी. यंत्र बंद ठेवायचं तर पट्टा मोकळ्या पुलीवर. चालू करायचं तर काठीने किंवा दांडीने तो हळूहळू घट्ट पुलीवर सरकवायचा. सरकताना पट्टा चिरकणारच. जड जातं उभ्या जागेवरून वेगात येईपर्यंत पट्ट्याने घसरणं हेच त्या क्षणी अपेक्षित असे, नाहीतर पट्टा तरी तुटेल किंवा इंजिन तरी बंद पडेल. वेग आल्यावरही चिरकत राहिला तर मात्र दोष. म्हणजे प्रश्न ‘आवाज आहे का’ एवढाच नव्हता. तो केव्हा येतो, किती वेळ राहतो, भार पडल्यावर वाढतो की कमी होतो, हे सगळं त्यात होतं. ही पूर्ण रीत पुढे मोटारीपर्यंत पोचली असती तर बरं झालं असतं. पोचलं ते तिचं शेपूट, ‘ताणून घे’ एवढंच.

घसरणं हा नेहमीच दोष नसतो, याचा सगळ्यात भक्कम पुरावा शहापूर तालुक्यातून रोज ये-जा करत होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वासिंदला १८५५ मध्ये, आसनगावला १८६० मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये आणि थळ घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये पोचली. त्या गाड्यांच्या डब्यांत विजेचे दिवे आले ते पुढे, आणि दिव्यांची वीज येई डब्याखालच्या आसाला पट्ट्याने जोडलेल्या डायनॅमोतून. लंडनच्या जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात या रचनेतली एक मोठी अडचण सोडवली. गाडीचा वेग सतत बदलतो, दिव्यांना मात्र स्थिर दाब हवा. कंपनीने डायनॅमो असा लोंबता टांगला की पट्ट्याला ठरावीकच ताण मिळावा. गाडी एका मर्यादेपलीकडे धावू लागली की पट्टा घसरे आणि डायनॅमोचा वेग वाढायचा थांबे. इथे घसरणं हाच वेगाचा लगाम होता. भारतीय रेल्वेच्या डब्यांखालीही आसावरून पट्ट्याने फिरणारे डायनॅमो दीर्घकाळ राहिले; पुढे चपट्याची जागा व्ही-बेल्टने आणि डायनॅमोची अल्टरनेटरने घेतली. असा पट्टा घसरतोय म्हणून कोणी त्याला करकचून ताणला असता, तर त्याने दुरुस्तीच्या नावाखाली यंत्रच बिघडवलं असतं.

मोटारीचा पट्टा घडणीतच वेगळा होता. अमेरिकेत जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर आणि धाग्याचा, व्ही आकाराच्या छेदाचा पट्टा आणला, आणि मोटारींतला चामड्याचा चपटा पट्टा व दोर हळूहळू मागे पडले. व्ही-बेल्ट पुलीच्या तळाला टेकत नाही. तो खाचेच्या दोन भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो, आणि चाळीस अंशांच्या खाचेत ही पाचर पकड जवळजवळ तिप्पट करते. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास जोडायला घेतलेल्या विलीज जीपमध्ये, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटमध्ये, आग्रा रोडवरच्या मालमोटारींमध्ये इंजिनाच्या पुढ्यात असाच पट्टा होता. त्याला फॅन बेल्ट म्हणत, कारण तो रेडिएटरमागचा पंखा फिरवत असे. त्याच फेऱ्यात पाण्याचा पंपही फिरे आणि डायनॅमोही.

आता कसारा घाट नजरेसमोर आणावा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत खालच्या गिअरमध्ये, वरच्या भारासकट, चाळीस अंशांच्या मे महिन्यात गाडी चढते आहे. वेग कमी म्हणून समोरून वारा नाही. इंजिन थंड राहायचं ते फक्त पंखा आणि पंप यांच्या जोरावर, आणि दोघेही एका पट्ट्यावर. तो पट्टा घसरला तर रेडिएटर उकळायला अर्धा घाटही लागत नाही. माळशेजच्या चढावर, जिथे मदत आणखी लांब, तीच गत. अशा वेळी चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. पट्टा गरजेपेक्षा थोडा जास्त ताणला तर पंपाचं आणि डायनॅमोचं बेअरिंग काही महिने आधी जाईल; कमी ताणला तर आजच, याच वळणावर हेड तापून गाडी उभी राहील. अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबावा हा नियम पुस्तकात होता, आणि घाटाखालच्या मेकॅनिकने तो पाव इंचाकडे झुकवला असेल तर त्याचा हिशेब चुकला असं मला म्हणवत नाही. चपट्या पट्ट्याचा सल्ला व्ही-बेल्टच्या काळात शिल्लक राहिला तो अज्ञानापायी नव्हे. या रस्त्यांवर त्याला नवं आणि तितकंच सबळ कारण मिळालं.

शिवाय याच काळात पट्ट्यावरचा भार वाढत होता, म्हणजे घसरण्याची शक्यताही वाढत होती. जुन्या गाडीचा डायनॅमो दोन-अडीचशे वॅटच्या आसपासचा. अल्टरनेटर आला तो लहान पुली घेऊन, इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरत, आणि इंजिन मंद चालत असतानाही वीज देत. आजच्या साध्या गाडीत त्याची ताकद हजार वॅटच्या घरात असते. लहान पुली म्हणजे वेढा कमी, आणि भार चौपट. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर पट्टा चिरकतो आणि मिनिटभरात गप्प होतो, हा सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार याच बदलातून आला. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेली वीज अल्टरनेटर घाईने परत भरत असतो. भार उतरला की आवाज थांबतो. गिरणीवाल्याने या आवाजाचा अर्थ लगेच लावला असता, कारण मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर जाताना त्याने हाच ऐकला होता. हेडलाइट लावल्यावर, एसी सुरू केल्यावर, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर जे चिरकणं वाढतं ते सगळं याच घराण्यातलं: भार वाढला, पकड पुरली नाही. इथपर्यंत ताण तपासण्याचा सल्ला चालतो.

तो मोडला पुढच्या पट्ट्यापाशी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून, तीन-चार व्ही-बेल्टच्या जागी एकच लांब, रुंद, आतून उभे कंगोरे असलेला पट्टा आला. नागमोडी वळणं घेत तो अल्टरनेटर, पंप, स्टिअरिंग, एसी या सगळ्यांना एका फेऱ्यात फिरवतो. भारतात १९९० नंतरच्या गाड्यांतून तो पसरला आणि आज शहापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांत तोच आहे. त्याचा ताण अनेक गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर स्वतः सांभाळतो. दोन गोष्टी इथे उलटल्या. ताण माणसाच्या हातातून गेला, ही पहिली. दुसरी जास्त खोल आहे: व्ही-बेल्टच्या खोल खाचेच्या तुलनेत हे कंगोरे उथळ असतात आणि पुली तिरकी असलेली त्यांना मुळीच खपत नाही. फूटभर अंतरात सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की कंगोरा प्रत्येक फेरीत खाचेच्या भिंतीवर घासत आत शिरतो आणि चिवचिवतो. गिरणीतला पट्टा तिरक्या पुलीवरून मुकाट्याने खाली पडे. हा पट्टा जागेवर राहून बोलतो. जो दोष पूर्वी डोळ्यांच्या वाट्याचा होता तो कानाच्या वाट्याला आला, आणि कानाला त्याची सवय नव्हती.

म्हणून आता दोन आवाज वेगळे ओळखावे लागतात. लांब, सलग, भाराबरोबर चढणारी किंचाळी ही घसरण्याची. तुटक, तालात येणारी, मंद इंजिनावर स्पष्ट ऐकू येणारी आणि वेग वाढला की गुळगुळीत होत हरवणारी चिवचिव ही तिरक्या पुलीची. कान पक्का नसेल तर पाण्याची चाचणी आहे, आणि ती साधेपणात राळेच्या तोडीची आहे: इंजिन मंद चालू ठेवून, हात आणि कपडे दूर ठेवून, कंगोऱ्यांच्या बाजूवर थोडं पाणी फवारायचं. आवाज वाढला तर पकड कमी आहे, मग टेन्शनर, झिजलेला पट्टा किंवा अडकलेली पुली शोधायची. आवाज क्षणभर गेला आणि पाणी उडाल्यावर परत आला तर रेषा चुकली आहे. पाण्याने कंगोऱ्याचं घासणं तेवढ्यापुरतं निसटतं केलं, इतकंच. जूनमध्ये या भागात ही चाचणी पाऊस स्वतःच करून देतो. पावसात भिजून उभ्या राहिलेल्या गाडीचा पट्टा सकाळी ओरडतो आणि कोरडा होताच थांबतो, तेव्हा तो फार तर ताण जरा उणा असल्याचं सांगत असतो. सबंध दिवस कोरड्या रस्त्यावर गप्प असेल तर त्याला लगेच बदलायची घाई नको.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो: फवारा मारला, मेण किंवा साबण लावला की आवाज जातो, मग काय वाईट? राळ चालत होती ना? चालत होती, कारण चामड्याचा आणि सुती पट्टा ती शोषून घेई आणि फक्त पकडीचाच प्रश्न असे. कंगोऱ्यांच्या रबरी पट्ट्यावर चिकट थर बसला की त्यात आग्रा रोडची धूळ बसते, आणि धूळ म्हणजे पुलीसाठी पॉलिशपेपर. डिझेल, रॉकेल किंवा ग्रीसने आवाज जातो तो पकड गेल्यामुळे. रबर फुगतं, पट्टा घसरत राहतो, फक्त मुका होऊन. मुका झालेला पट्टा बरा झाला असं समजणं ही आवाज हाच रोग मानण्यातली चूक आहे. गिरणीवाल्याने ती केली नसती. आवाज थांबल्यावर तांदूळ पूर्वीच्या वेगाने पडतोय का, हे त्याला लागलीच दिसत होतं. गाडीच्या मालकाला तसं काही दिसत नाही. बॅटरी उतरते तेव्हा कळतं.

दुसरा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यावरच आहे. भातगिरणी वेगळी आणि गॅरेज वेगळं. एकाची रीत दुसऱ्यात आली हे कशावरून? पट्ट्याला दोन्हीकडे एकच उपचार होत आले यावरून. काही बदल कारखान्यात ठरतात आणि मालाबरोबर गावात पोचतात. पट्टा तसा आला. पण त्याची निगा कशी राखायची हे तिथे पट्ट्याबरोबर जी माणसं आधीपासून राहत होती त्यांच्याकडूनच घेतलं जाणार. गावात उघडा, रोज चालणारा, रोज बिघडणारा पट्टा एकाच ठिकाणी होता, गिरणीत. राळ किंवा मेण चोळणं, गुळगुळीत झालेली बाजू खरवडणं, पावसाळ्यात ताण वाढवणं, हे सगळे उपाय व्ही-बेल्टवरही झाले आणि आज कंगोऱ्यांच्या पट्ट्यावरही होतात. यातला एकही उपाय कंगोऱ्यांच्या पट्ट्यासाठी निघालेला नाही. ज्या उपायाचा जन्म या यंत्रातून होऊच शकत नव्हता तो आधीच्या कुठल्यातरी यंत्रातून आला असणार, आणि या तालुक्यांत आधीचं यंत्र कोणतं हे उघड आहे. ऑईल इंजिनाचा नोजल आणि जीपचा नोजल खोलणारा हात एकच असण्यात नवल काय?

तिसरा आक्षेप सगळ्यात आधुनिक: आता स्कॅनर आहे, कानाचं काय काम? स्कॅनर इंजिनाच्या सेन्सरचं बोलणं वाचतो. पट्ट्याच्या चिवचिवीला सेन्सर नसतो. अल्टरनेटरचा दाब पडला तर तो सांगेल, पण पुली तिरकी आहे हे सांगणार नाही. डोळ्याचा भरवसाही मधल्या काळात कमी झाला आहे. जुन्या निओप्रिनच्या पट्ट्याला वयानुसार तडे जात. एका कंगोऱ्यावर इंचभरात तीन-चार तडे दिसले की बदला, असा साधा नियम होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले पट्टे बहुतेक ईपीडीएम या रबराचे असतात. त्यांना तडे सहसा जात नाहीत. ते गाडीच्या टायरसारखे झिजतात, खाच रुंद होते, आणि पट्टा वरून नवा दिसत असताना आतून घसरू लागतो. पट्टा बघून ‘चांगला आहे’ म्हणणारा मेकॅनिक इथे चुकतो. तडे शोधायची सवय त्याला आधीच्या रबराने लावली.

रडका, कुईं असा घुमणारा आवाज हे वेगळंच प्रकरण, आणि त्यात बेल्टचा दोष बहुधा नसतोच. इंजिनाच्या वेगाबरोबर ज्याची पट्टी चढते-उतरते तो आवाज बेअरिंगचा, स्टिअरिंग पंपाचा किंवा अल्टरनेटरचा. स्टिअरिंग वळवताना वाढला तर आधी पंपाचं तेल बघावं. दिवे लावल्यावर बदलला तर अल्टरनेटरचा डायोड किंवा बेअरिंग. लांब पेचकसाचं टोक एकेका भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरायची, ही युक्ती गॅरेजात सगळ्यांना येते, आणि ‘बेअरिंग बोलतंय’ हे तिथलं निदान शब्दशः खरं असतं. शंका राहिली तर पट्टा उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवावं. त्याहून जास्त नको, कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असला तर तोही थांबलेला असतो. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या फेऱ्यात, राहिला तर इंजिनात. पट्टा उतरवल्यावर मोकळी पुली हाताने फिरवून बघितली की खरखर हातालाच लागते. इगतपुरीच्या कारखान्यात महिंद्रांची इंजिनं बनतात, आणि २००० साली आलेल्या बोलेरोसारख्या गाड्यांच्या टर्बोची शीळ भार टाकल्यावर ऐकून कित्येकांनी निष्कारण बेल्ट बदलले असतील. ती शीळ पट्टा काढला तरी जाणार नाही, आणि उभ्या गाडीत बहुधा येणारही नाही.

एका पट्ट्यापुढे मात्र ही सगळी रीत थिटी पडते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या इंजिनात झाकणाआड एक दातेरी पट्टा होता, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट. डिसेंबर १९९८ च्या डिझेल इंडिकातही तो होता, आणि या इंडिका पुढे भाड्याच्या गाड्या म्हणून रस्तोरस्ती धावल्या. दाते असल्यामुळे तो घसरत नाही, म्हणून चिरकत नाही; तेल पडून सडला किंवा जुना झाला तरी आवाजाने इशारा देईल याचा नेम नाही. डिझेलमध्ये तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. त्याच्यासाठी कंपनीने किलोमीटर ठरवून दिले, आणि गाडी व्यवस्थित चालत असताना, काही ऐकू येत नसताना, नुसत्या आकड्यावरून पट्टा बदलायचा हे मालकाला पटवणं आलं. ते पटवणं ताण तपासण्यापेक्षा अवघड होतं. नंतर मारुतीने के-सिरीजच्या इंजिनांत त्या जागी चेन बसवली. चेन सैल झाली की थंड इंजिनावर काही सेकंद खडखडते, आणि तो खडखडाट सकाळच्या बेल्टच्या चिरकण्यापासून वेगळा ओळखणं हे सध्या गॅरेजातल्या पोरांना शिकावं लागतं.